पाणी न लागलेलं गोड

"पाणी लागलंय का ह्याला?" पार्वतम्मा अव्वांनी विचारलं. बशी अजून माझ्याच हातात होती. त्यांचा हात अर्ध्यावर आला होता आणि तिथंच थांबला होता. मे महिन्यातली पाच वाजायची वेळ, ओट्याची फरशी अजून पाय भाजत होती, आणि मी, पंचफुला, गृहविज्ञानाची लेक्चरर, एम.एस्सी., वय छत्तीस, एका अंगठाछाप म्हातारीच्या दारात बशी धरून उभी होते. प्रश्न मला लगेच कळला. न कळल्याचं सोंग आणता आलं असतं, पण सोंगं आणणाऱ्यांचा मला आधीच तिटकारा. कच्चं फळ कुणाच्याही हातचं चालतं. कोरडा शिधा चालतो. तुपात तळलेलं, नुसतं विस्तवावर भाजलेलं, तेही डोळ्यांवर कातडं ओढून चालवून घेता येतं. पिठाला पाणी लागलं, की मग ते ज्याच्या घरचं पाणी त्याच्या जातीचं होतं. हा कायदा मला कुठल्या पुस्तकात वाचावा लागला नाही. तो मी चालायला शिकताना शिकले. आणि चीड आणणारी गोष्ट अशी, की म्हातारी मला नकार देत नव्हती. ती आत घ्यायला फट शोधत होती. मी फक्त "नाही" म्हणायचं होतं. ते खरंही होतं. त्या पदार्थाला पाण्याचा एक थेंब लागला नव्हता.

लिंबाजी, माझा धाकटा भाऊ, फौजेत हवालदार. रानीखेतहून सुट्टीवर निघताना त्यानं एक लाकडी पेटी भरून आडू आणले. तिकडं पीचला आडू म्हणतात, आणि तो ते नाव अशा ऐटीत घेत होता की जणू झाडं त्यानंच लावली. तीन गाड्या बदलून पेटी लातूरला पोचली तेव्हा निम्मी फळं दबून काळी पडली होती. उरलेली मात्र अंगावर बारीक लव असलेली, एका गालावर लाल, आणि अख्ख्या घरात भरून राहील एवढ्या वासाची. "अक्का, कापून खा नुस्तं," तो म्हणाला. मला नुसतं कापून खायचं नव्हतं. सिकंदराबादच्या होस्टेलात आमची वॉर्डन मिस पॉल उन्हाळ्यात एक दिवस हे फळ तळाशी घालून वर कुरकुरीत पिठाचा थर देऊन भाजायची, आणि आम्हा स्कॉलरशिपच्या मुलींना आधी प्रार्थना म्हणायला लावून मग एकेक चमचा वाढायची. चमचाभर गोडासाठी डोळे मिटून उभ्या राहिलेल्या त्या बावीस मुलींची मला तेव्हाही लाज वाटायची, आणि मी सगळ्यात आधी डोळे मिटत असे. मिस पॉल फळं उकळत्या पाण्यात बुडवून सोलायची. इथं उकळायला पाणी कुणाच्या बापाचं होतं? मी कोरड्या फडक्यानं लव पुसून काढली आणि सालीसकट फोडी केल्या. धुतल्या नाहीत. थाळीत फोडी, त्यावर साखर आणि दालचिनी. मग परातीत कणीक, थोडं ज्वारीचं जाडसर पीठ, शेंगदाण्याचा भरड कूट, गूळ, आणि घट्ट लोणी घालून मोहन चोळतात तसं बोटांच्या टोकांनी चोळत बसले. तळहात लावायचा नाही, लोणी विरघळतं. मिस पॉलचं एवढं एकच वाक्य खरं होतं: "हात कोरडे ठेवा." गोल ॲल्युमिनियमच्या ओव्हनला पाऊण तास लागायचा तिथं दीड लागला, कारण जिल्हा झाल्यापासून व्होल्टेजनंही सरकारी नोकरी धरली होती. पण वरचा थर तांबूस झाला, कडेनं फळाचा रस बुडबुडे काढत वर आला, आणि तो वास भिंत ओलांडून पलीकडं गेला.

जिल्हा! नऊ महिन्यांपूर्वी लातूर जिल्ह्याचं गाव झालं आणि माणसं उंच झाली. पाट्यांवरचं उस्मानाबाद खरवडून तिथं लातूर रंगवलं, रंग वाळायच्या आत फोटो निघाले, आणि कालपर्यंत तालुक्याच्या कचेरीत विडी मागून ओढणारे कारकून "आमच्या जिल्ह्यात" असं बोलू लागले. कचेऱ्यांना जागा नाहीत, साहेबांना बंगले नाहीत, आणि पाणी तर तालुक्याचं होतं तेही आटलेलं. घाईघाईत आमच्यासाठी ही जुळी क्वार्टर्स बांधली. दोन घरांमध्ये छातीएवढी एक भिंत आणि मागच्या अंगणात दोन घरांत मिळून एकच नळ, तोही माझ्या बाजूला. दुसरा नळ कंत्राटदारानं गिळला. पलीकडं कोषागारातले सिद्धलिंगअप्पा, त्यांची बायको दानम्मा आणि आई पार्वतम्मा, जिला सगळी कॉलनी अव्वा म्हणते. मी राहायला आले त्या आठवड्यात सिद्धलिंगअप्पांनी खाली मान घालून विचारलं होतं, नळाला पाइप लावून घेतला तर चालेल का. चालेल म्हटलं. मग कळलं की पाइपाचं एवढं अगत्य का. नळ नगरपालिकेचा, त्याला जात नाही. त्याचं पाणी कुणाच्या भांड्यात पडलं की त्याला येते. पाइप थेट नळाच्या तोंडाला, तिथून भिंतीवरून त्यांच्या घागरीत. मध्ये माझं काही नाही. अव्वा रोज पहाटे हातावर लिंग घेऊन पूजा करायच्या, घरात बसवेश्वरांची भलीमोठी तसबीर, आणि ज्यांनी सगळी माणसं एका पंगतीला बसवली त्यांच्याच तसबिरीखाली हा पाइपाचा हिशेब. हसावं का थुंकावं, मला कळेना. मी हसले. शिकलेली बाई थुंकत नाही.

दसऱ्याला, आमच्या दीक्षेच्या दिवशी, मी एक मूर्खपणा केला होता. माझी माय चतुराबाई त्या दिवशी खीर करून घरोघर द्यायची. आमच्याच वस्तीत, अर्थात. तिला तिची पायरी ठाऊक होती. मी मात्र कॉलनीतल्या पाच घरी डबे दिले. त्या दिवशी पाच घरांत पाच निरनिराळे उपवास निघाले. एकीला साखर वर्ज्य, एकीचा सोमवार, म्हणजे वार बुधवार असताना सोमवार. डबे मात्र लख्ख घासून परत आले, आत रिकामं परत देऊ नये म्हणून चिमूटभर साखर घालून. ती साखर मी मुंग्यांना घातली. कुणाच्या दारात पुन्हा काही घेऊन जायचं नाही असं ठरवलं, आणि सात महिने पाळलं. या बायका मला नमस्कार करतात, पोरींच्या मार्कांसाठी लाळ घोटतात, आणि माझ्या हातचं म्हटलं की यांच्या पोटात उपवास उभा राहतो. अशांच्या मेहरबानीची मला गरज काय होती? नव्हती. असं मी रोज स्वतःला सांगत असे, आणि रोज सांगावं लागतं ती गोष्ट खरी नसते, हेही मला माहीत होतं.

मग नळ गेला. बारा दिवस त्याच्यातून नुसती हवा फुसफुसत होती. कोपऱ्यावर टँकर यायचा, पण तिथं घागरींपेक्षा डोकी जास्त फुटत. मला बरं होतं, कॉलेजच्या बोअरचं पाणी दर तिसऱ्या दिवशी आम्हा शिक्षकांच्या घरी पोचायचं, आणि नळाशेजारच्या कट्ट्यावर माझी दोन पिंपं भरलेली असायची. दानम्माला सहावा महिना. सिद्धलिंगअप्पा सकाळी दोन घागरी आणून कचेरीत पळायचे. दोन घागरीत तीन माणसं, स्वयंपाक आणि अव्वांची पूजा. नळ गेल्याच्या तिसऱ्या दिवशी दुपारी मी स्वयंपाकघराच्या खिडकीत उभी होते. दानम्मा भिंतीशी आली, वरून हात घालून पाइपाचं टोक नळावरून काढलं, इकडं तिकडं पाहिलं, माझ्या पिंपाचं झाकण सरकवून ते आत सोडलं. मग पलीकडच्या टोकाला तोंड लावून तिनं ओढलं, खोकली, आणि पाणी वाहू लागलं. आतून अव्वांचा आवाज आला, "आलं का गं?" "आलं अत्ती," ती सासूला म्हणाली, "नळ बारीक चालून राहिलाय." मी खिडकीतून हलले नाही. ओरडायला हवं होतं असं नव्हे. पाणी मी मागितलं असतं तर दिलंच असतं. पण मी गप्प राहिले ते दयेनं नाही. मला मजा आली. दुसऱ्या दिवशी मी झाकण मुद्दाम थोडं सरकवून ठेवलं. रोज दुपारी ती पोरगी माझ्या पिंपातलं पाणी नळाचं म्हणून नेत होती, आणि रोज पहाटे अव्वा त्या पाण्यानं लिंगाला अंघोळ घालत होत्या. वर्गात शिकवताना मध्येच मला ते आठवायचं आणि हसू यायचं. मुली विचारायच्या, मॅडम काय झालं. एवढा आनंद मला पगारवाढीनंही कधी झाला नव्हता.

त्या दिवशी वास पलीकडं गेला तसं दानम्माचं डोकं भिंतीवर आलं. "ताई, कशाचा वास ओ ह्यो? लई गोड येऊन राहिलाय." लिंबाजी अंगणात बनियनवर बसला होता. "आडू हाय, वहिनी. पहाडी मेवा," तो म्हणाला, आणि माझ्याकडं वळून, "दे की अक्का. दोन जिवाची बाई हाय." त्याच्या बराकीत सगळे जण एका ताटात खातात आणि त्याला वाटतं दुनिया बराक आहे. पण मी गेले. लिंबाजीनं म्हटलं म्हणून गेले असं म्हणायला सोपं आहे. खरं म्हणजे चोळताना, भाजताना, सकाळपासून एकच हिशेब माझ्या डोक्यात चालू होता: ह्याला पाणी लागत नाही. मी फळं धुतली नाहीत ती पाणी वाचवायला, की म्हातारीसाठी? हे सुचलं आणि माझी मलाच किळस आली. तरी मी थाळीतला एक तुकडा सुरीनं सरळ कापला, चांगल्या बशीत ठेवला, पदर नीट केला. छत्तीस वर्षांची घोडी, पण पुन्हा डोळे मिटून चमच्यासाठी उभी.

"वास शफ्तालूचा येतोय," अव्वा आधी म्हणाल्या होत्या, आडूचं त्यांच्याकडचं नाव घेऊन, आणि त्यांचा सुकलेला चेहरा एकदम उजळला होता. "उदगीरला आमच्या आप्पांकडं हैदराबादचे व्यापारी यायचे, निजामाच्या टायमाला. टोपलीत घालून आणायचे. मी ल्हान होते." हात पुढं आला. मग मागं दारात दानम्मा उभी आहे, समोरच्या ओट्यावर दोघी तिघी सुपं घेऊन बसल्या आहेत, हे त्यांना आठवलं असावं. हात थांबला, आणि त्यांनी विचारलं, पाणी लागलंय का ह्याला.

मी नाही म्हणणार होते. जिभेवर आलं होतं. पण त्या प्रश्नात एक आर्जव होतं, बाई, नाही म्हणा, म्हणजे मला खाता येईल. आणि त्या आर्जवानंच माझं डोकं फिरलं. मी यांच्या कायद्याच्या फटीतून, पोट आत घेऊन, अंग चोरून आत जायचं आणि वर उपकार मानायचे?

"हो," मी म्हणाले. "लागलंय. माझ्या पिंपातलं."

खोटं बोलले. मी खोटं बोलत नाही, तो माझा माज आहे, आणि तो मी तिथं घालवला. "पिंपातलं" म्हणताना मी अव्वांकडं पाहत नव्हते, दानम्माकडं पाहत होते. तिचा चेहरा पांढरा पडला. तिनं चौकट धरली. पुढचं वाक्य माझ्या तोंडात तयार होतं, दहा दिवसांचं लोणी काढून ठेवलेलं. एका वाक्यात म्हातारीचं सोवळं, पूजा, सगळं मातीत, आणि ही पोरगी जन्मभर सासूच्या टाचेखाली. मी तोंड उघडलं.

"दानम्मा," अव्वा म्हणाल्या, "आत जा. दूध उतू जाईल."

घरात दूध नव्हतं. दानम्मा आत गेली. अव्वा माझ्या जवळ सरकल्या आणि समोरच्या बायकांना ऐकू जाणार नाही अशा आवाजात बोलू लागल्या.

"मला ठाऊक हाय, बाई. नळाच्या पाण्यात डाळ शिजती. बोअरच्या पाण्यात न्हाई शिजत. धा दिस झाले, डाळ खडा राहून राहिली. साठ वर्सं चुलीम्होरं बसले, एवढं कळत न्हाई का मला? पोरगी चोरून आणती, मी चोरून पिते. लिंगालाबी तेच घातलं. देव काय बोलला न्हाई."

"मग हे खायला काय झालं?"

"पाण्यावाचून माणूस मरतंय. गोडावाचून मरत न्हाई." त्यांनी समोरच्या ओट्याकडं नुसती नजर टाकली. "आन् देव काय ह्या गल्लीत राहात न्हाई. ह्या राहतात."

माझ्या हातात इतके दिवस हुकमाचं पान होतं. म्हातारीला ते पहिल्यापासून दिसत होतं. मी खिडकीआडून हसत होते तेव्हा ती खडा राहिलेली डाळ चावत, सगळं जाणून, माझं पाणी गिळत होती, औषध गिळावं तसं. तिनं माझं पाणी घेतलं ते मला मानून नव्हे, नाइलाज म्हणून. एवढा अपमान त्या पाच उपवासांनीही केला नव्हता. मी बशी खाली केली. "उद्यापासून पाइप नको," मी मोठ्यानं म्हणाले, समोर ऐकू जाईल असं. "पाणी हवं तर घागर घेऊन तुम्ही स्वतः या. मी तांब्यानं वरून घालीन." सुपं थांबली. रात्री लिंबाजीनं अर्धी थाळी खाल्ली आणि अर्धी झाकून कपाटात ठेवली. "ही त्या वहिनीला दे," तो म्हणाला, "आन् पाण्याचं ते खूळ सोड अक्का. मायला काय वाटलं असतं?" सकाळच्या गाडीनं तो जळकोटला गेला.

मायला काय वाटलं असतं, हे विचारायची लिंबाजीला गरज होती, कारण तो तेव्हा अंगावर पीत होता. मी सहा वर्षांची होते. जळकोटजवळच्या आमच्या गावी पाटलाच्या विहिरीपासून वीस पावलांवर माय घागर घेऊन बसायची. कुणी पाणी काढायला आलं आणि त्याच्या मनात आलं, तर तो वरून ओतायचा. माय घागरीची कड दोन्ही तळहातांवर धरून ती छातीएवढी उचलायची आणि तोंड बाजूला वळवायची, तोंडावर आपटून उडालेलं पाणी परत त्याच्या पोहऱ्याला लागू नये म्हणून. मला त्यातलं फक्त तोंड बाजूला वळवणं आठवतं. बाकी सगळं मायनंच पुढं सांगितलं, हसत हसत, आणि ती का हसायची याचा राग मला अजून आहे.

एक दिवस गेला. भिंतीपलीकडं भांड्यांचा आवाज कमी झाला. दुसऱ्या दिवशी सिद्धलिंगअप्पा टँकरवरून एकच घागर घेऊन आले, तीही चेपलेली. दुपारी दानम्माला उलट्या झाल्याचं ऐकू आलं. मी पिंपांवर झाकणं घट्ट बसवून आत पेपर तपासत होते. एका मुलीनं लिहिलं होतं, पाणी म्हणजे जीवन. मी तिला शून्य दिलं. तिसऱ्या दिवशी बाराच्या उन्हात, सगळी गल्ली जेवायला बसायच्या वेळेस, मागचं फाटक वाजलं. अव्वा. डोक्यावर पदर, कमरेला पितळी घागर. कट्ट्याच्या खाली येऊन उभ्या राहिल्या. आजूबाजूच्या खिडक्या माणसांनी भरल्याचं मला न बघता कळलं. मी झाकण काढलं, तांब्या बुडवला, कट्ट्यावर चढले. अव्वांनी घागरीची कड दोन्ही तळहातांवर धरली, छातीएवढी उचलली आणि तोंड बाजूला वळवलं. त्यांना हे कुणी शिकवलं नव्हतं. खाली उभं राहिलं की माणूस आपोआप तसाच उभा राहत असेल. मी ओतलं. पाणी कडेला आपटून त्यांच्या चोळीवर उडालं. दुसरा तांब्या माझ्याच्यानं ओतवेना. ज्या क्षणाची मी छत्तीस वर्षं वाट पाहिली तो माझ्या पुढ्यात होता. मी कट्ट्यावरून उतरले आणि तांब्या त्यांच्या हातात दिला. "तुमचं तुम्ही घ्या," मी म्हणाले. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, तांब्याकडं पाहिलं, आणि कट्ट्यावर चढल्या. कोपरापर्यंत हात पिंपात घालून त्यांनी घागर भरली. मग तिथंच, सगळ्या खिडक्यांसमोर, तांब्याला तोंड लावून घटाघटा पाणी प्याल्या.

घागर कमरेला घेऊन त्या फाटकापर्यंत गेल्या आणि वळल्या.

"बाई, त्ये शफ्तालूचं उरलंय का? पोरगी तीन दिस त्या वासाचंच बोलून राहिली. पोटात काय ठरत न्हाई तिच्या."

"त्याला पाणी लागलंय," मी म्हणाले.

"लागू द्या," अव्वा म्हणाल्या.

एवढंच मला ऐकायचं होतं. जन्मभर, सगळ्यांकडून, एवढंच. म्हातारी उन्हात उभी होती, घागरीतून पाणी सांडून तिचं लुगडं भिजत होतं, आणि ती हात पसरून वाट पाहत होती. आणि माझ्या आत काहीतरी मान ताठ करून उभं राहिलं, ज्याला मी आजवर स्वाभिमान म्हणत आले.

"संपलं," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली. "बरं," म्हणाल्या, आणि फाटक लावून गेल्या. पलीकडून दानम्माचा बारीक आवाज आला, काय म्हणाल्या ताई? उत्तर मी ऐकलं नाही. मी आत येऊन कपाट उघडलं, लिंबाजीनं झाकलेली थाळी काढली. तीन दिवसांत फळाला पाणी सुटलं होतं. वरचा कुरकुरीत थर भिजून लिबलिबीत झाला होता, कडेला आंबूस वास धरत होता. एक खोटं पुरे होतं, 'संपलं' हे दुसरं मला नको होतं. मी चमचा घेतला आणि उभ्यानं, सगळी थाळी, तळ खरवडून संपवली.